ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनो, स्टिअरिंगसोबत पॉलिसी पण शिकवा : एक खुलं पत्र

प्रति,
धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यातल्या तमाम मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि बाजूच्या सीटवर जीव मुठीत धरून बसणारे मास्तर लोक

राम राम.

पत्र तुम्हालाच का, ते आधी सांगून टाकतो. सरकारला लिहिणारे खूप आहेत, पोलिसांना शिव्या घालणारे त्याहून जास्त. पण गाडी चालवायला निघालेला माणूस आयुष्यात एकदाच विद्यार्थी म्हणून कोणासमोर बसतो आणि तो तुमच्यासमोर बसतो, एकदा का लायसन खिशात आलं की मग तो बापाचं पण ऐकत नाही. तुमच्या एकवीस दिवसात त्याच्या कानावर जे पडलं तेवढंच त्याच्याकडे राहतं. क्लच सोडायचा कसा, रिव्हर्समध्ये मान कुठे वळवायची, चढावर हँडब्रेक कसा धरायचा, हे तुम्ही चांगलंच शिकवता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गाडीच्या इन्शुरन्सबद्दल विद्यार्थ्याला काय सांगता? बहुतेक ठिकाणी एकच वाक्य, "कागद जवळ ठेवायचे, नाहीतर चलान फाटेल." बस. विषय संपला.

मी एका वकील साहेबांकडे कारकून आहे. अपघाताच्या क्लेमच्या केसेस आमच्याकडे जास्त, त्यामुळे फाइली लावायच्या, एफआयआर, पंचनामा, आरसी, लायसन, पॉलिसी यांच्या झेरॉक्स काढायच्या, तारखा लिहायच्या हे माझं काम. खान्देशात या कामाला तोटा नाही, सुरत-नागपूर हायवे आपल्या नवापूर, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून जातो, मुंबई-आग्रा शिरपूरवरून पळासनेरला निघतो, शिवाय चाळीसगावचा कन्नड घाट आहेच. आणि फाईल उघडली की बऱ्याचदा माणसाचं नशीब त्या पॉलिसीच्या एका पानावर अडकलेलं दिसतं, जे पान मालकाने कधी वाचलेलंच नसतं. तो म्हणतो, "इन्शुरन्स आहे ना भो, मग काय टेन्शन." कोणता आहे, कोणासाठी आहे, किती तारखेपर्यंत आहे, काही पत्ता नसतो.

आता मूळ गोष्ट. कायदा कोणता इन्शुरन्स सक्तीचा म्हणतो? फक्त थर्ड पार्टी (मालकाच्या स्वतःच्या कव्हरचं पुढे वेगळं सांगतो). मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. तुमच्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याला द्यायचे पैसे कंपनीने भरायचे, एवढीच सक्ती आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचा बंपर, काच, इंजिनात शिरलेलं पाणी, चोरी, याची कायद्याला काही पडलेली नाही, तो तुमचा शौक, त्यासाठी वेगळे पैसे भरा आणि पॅकेज पॉलिसी घ्या, ज्याला आपल्याकडे सगळे "फुल इन्शुरन्स" म्हणतात. हे उलटं डोक्यात बसलंय लोकांच्या. "गाडी जुनी झाली, विकून तीस हजार पण येणार नाहीत, आता कशाला इन्शुरन्स" असं म्हणणारा माणूस मला आठवड्याला एक तरी भेटतो. अरे बाबा गाडी तीस हजाराची असेल पण ती ज्याला धडकेल तो माणूस तीस हजाराचा नाही ना.

मग माणूस किती रुपयांचा धरला जातो ते पण शिकवा, कारण आकडा ऐकल्याशिवाय कोणी हलत नाही. ट्रायब्युनल, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, हिशोब कसा करतं बघा, आणि हा हिशोब सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांवरून चालतो, कोणाच्या मनावर नाही. समजा बत्तीस वर्षांचा माणूस गेला, स्वतःचा धंदा, महिन्याला १५ हजार कमवायचा. चाळीसच्या आतला आहे आणि पक्की नोकरी नाही म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले २१ हजार. घरात बायको, दोन पोरं, आई-बाप त्याच्यावर अवलंबून, मग त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. गुणिले बारा, वर्षाचे १ लाख ८९ हजार. आणि त्या वयाला गुणक १६. उत्तर ३० लाख २४ हजार. वर अंत्यविधी, कुटुंबाचा आधार गेला वगैरेचे पैसे वेगळे आणि व्याज वेगळं. हे सगळं एका साध्या मोटारसायकलच्या धडकेत होऊ शकतं बरं का, त्यासाठी ट्रकच पाहिजे असं काही नाही.

आणि हे अंगावर येऊ नये म्हणून त्या मोटारसायकलवाल्याने भरायचे किती होते? जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. हजार सीसीच्या आतली कार २,०९४, हजार ते पंधराशे सीसी ३,४१६. हे दर सरकार ठरवतं, त्यामुळे नुसत्या थर्ड पार्टीत "आमच्याकडे स्वस्त" असं कोणी म्हटलं तर तिथेच शंका घ्यायची. मृत्यू किंवा दुखापतीच्या रकमेला वरची मर्यादा नाही, ट्रायब्युनल ठरवेल ते कंपनीने द्यायचं. दुसऱ्याच्या मालमत्तेला मात्र आहे, कारला साडेसात लाख, दुचाकीला एक लाख.

इन्शुरन्स नसेल तर हे तीस लाख कोणाकडून वसूल होणार? मालकाकडून. पगार, प्लॉट, शेत. ड्रायव्हर दुसराच होता, मी घरी झोपलेलो होतो, हे चालत नाही.

दंडाचं सांगतो पण पटकन, कारण लोक दंडालाच भितात आणि दंडच सगळ्यात छोटी गोष्ट आहे. कलम १९६, विनाविमा गाडी चालवली तर पहिल्यांदा २ हजार, परत सापडलात तर ४ हजार, आणि तीन महिन्यांपर्यंत कैद पण लिहिलेली आहे. २०१९ च्या आधी हजार होता. चलान भरलं की सुटलो असं वाटतं, पण अपघातात कोणी मेलं किंवा जखमी झालं आणि गाडीला थर्ड पार्टी नसेल तर एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे कोर्ट ती गाडी तारण घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि तारण दिलं नाही तर तीन महिन्यांनी गाडीचा लिलाव करून पैसे ट्रायब्युनलमध्ये जमा. हप्ते चालू असतात बँकेचे आणि गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात बाभळीखाली.

आता तो भाग, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. थर्ड पार्टीत कोण नाही.

तुमच्या विद्यार्थ्याला विचारा, बायकोला डबल सीट घेऊन निघालास, स्लिप झाला, तिला लागलं, नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे, तिला कंपनी पैसे देईल का? दहातले नऊ जण हो म्हणतील. उत्तर नाही असं आहे. नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्याच गाडीवर मागे बसलेला माणूस येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच सांगून ठेवलंय. खाजगी कारमध्ये बसलेल्या घरच्यांचं पण तेच. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या कंपनीकडून मिळेल, पण चूक आपल्याच ड्रायव्हरची असेल, किंवा समोर गाडीच नसेल, कुत्रं आडवं आलं आणि कार शेतात गेली, मग आत बसलेली मावशी, मामा, पोरं सगळे कव्हरच्या बाहेर. पॅकेज पॉलिसी असेल तर हेच लोक आत येतात. अक्खाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला गाडी काढतो आपण, कानबाई देवीच्या उत्सवाला मुंबई-पुणे-सुरतेवरून अख्खं भाऊबंद गाड्या भरून गावाकडे येतं, त्या गाड्यांमध्ये एका तरी ड्रायव्हरने पॉलिसी उघडून बघितलेली असते का, की आत बसलेल्यांचं काय? एजंट पण सांगत नाही. गिऱ्हाईक "सगळ्यात कमी कितीत होईल" विचारतं आणि तो कमीतली देतो, त्याचं तरी काय चुकलं.

आणि स्वतः मालक मेला तर? तो थर्ड पार्टी नाहीच. त्याच्यासाठी वेगळा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो, १५ लाखांचा, तो पण सक्तीचा. आधीचा कुठे असला तर प्रत्येक गाडीला परत घ्यायची गरज नाही. पण गाडी चालवताना मालकाकडे चालू लायसन पाहिजे, नसेल तर घरच्यांना त्यातलं काही मिळत नाही. हे तर तुमच्या धंद्याच्या फायद्याचं वाक्य आहे मास्तर, बोर्डावर लिहा.

ट्रॅक्टर. यावर दोन शब्द जास्तच लिहितो, कारण शहरातला माणूस इन्शुरन्सवर लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर कार असते आणि आपल्याकडे निम्मं गाव ट्रॉलीत बसून फिरतं. कापूस वेचणीला मजूर नेतात ट्रॉलीत, वऱ्हाड ट्रॉलीत, सारंगखेड्याच्या यात्रेला ट्रॉली, अंत्ययात्रेला सुद्धा. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामाची असते, त्यावर बसायची परवानगी ड्रायव्हर एकट्याला. ट्रॉली ही वेगळी वस्तू आहे, तिचं रजिस्ट्रेशन वेगळं, इन्शुरन्स वेगळा, आणि बहुतेकांनी ट्रॉलीचा घेतलेलाच नसतो. ट्रॉली उलटली की कंपनीचा लेखी जबाब न वाचता मी पाठ म्हणून दाखवतो : ट्रॅक्टर शेतीसाठी होता, प्रवासी बेकायदा बसवले होते, ट्रॉलीचा विमा नव्हता, सबब सामनेवाला कंपनी जबाबदार नाही. मग वर्षानुवर्षं भांडण. कधी कोर्ट कंपनीला म्हणतं आधी तू दे आणि मालकाकडून वसूल कर, कधी कंपनीला सोडूनच देतं, आणि मग मजुराची बायको आणि चार एकरवाला शेतकरी एकमेकांसमोर उभे राहतात, दोघांकडे काही नाही. मडगार्डवर बसणाऱ्याचं पण हेच. मालवाहू छोटा हत्ती, पिकअपमध्ये मागे माणसं भरली तर तिथे सुद्धा हाच वाद, मालासोबत मालाचा मालक चालतो, बाकी फुकट बसलेले नाही, कायदा हाच आहे. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांच्या घरी ट्रॅक्टर असतोच, कार शिकून झाली की दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवर चढतो.

तसंच खाजगी पासिंगच्या गाडीत सीट भरणं. पांढऱ्या नंबर प्लेटची इको नाहीतर बोलेरो, गावातून तालुक्याला, माणशी पैसे. पॉलिसीवर "भाड्याने वापर नाही" असं स्वच्छ छापलेलं असतं. काळीपिवळीवाला निदान परमिट आणि प्रवासी पॉलिसी तरी घेतो.

लायसनचं बघा. विनालायसन ड्रायव्हरच्या हातात गाडी दिली आणि अपघात झाला तर त्रयस्थ माणसाला कंपनीने द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, सुप्रीम कोर्टाचा २००४ चा निकाल, कोर्टात याला सगळे पे अँड रिकव्हर म्हणतात. म्हणजे पॉलिसी असून पैसे मालकाच्याच खिशातून. दारूचं पण आता तसंच झालंय. अठराच्या आतल्या पोराला चावी दिली तर पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, तरी पण शाळा सुटायच्या वेळेला कुठल्याही तालुक्याच्या गावात उभं राहून बघा काय दिसतं. शिकाऊ लायसनवाल्याच्या बाजूला चालू लायसनवाला बसलेला पाहिजे आणि पुढे-मागे एल लावलेला पाहिजे, हे तुम्ही पाळता पण विद्यार्थी संध्याकाळी घरची गाडी घेऊन एकटा निघतो, त्याला कोणीतरी सांगा की तेव्हा तो कंपनीच्या दृष्टीने जवळजवळ विनालायसनच आहे. आणि एक चांगली बातमी पण सांगा, ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर साडेसात हजार किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, त्यामुळे "पिवळ्या पाटीची गाडी होती, बॅज नव्हता" म्हणून कंपनी अडवायची ते आता चालत नाही. केळीचे पिकअप चालवणाऱ्या रावेर-यावलच्या पोरांना हे माहितीच नाही अजून.

जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे वेगळंच प्रकरण. गुजरात पासिंगची गाडी स्वस्तात आणली, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, चावी घेतली, झालं. टीटी, म्हणजे आरसीवर मालकाचं नाव बदलणं, करायचं नाव नाही, दोन-दोन वर्षं. यात विकणारा जास्त मरतो, घेणाऱ्यापेक्षा. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला परत एकदा स्पष्ट केलंय, मग गाडी मधल्या चार हातातून गेली असेल तरी नोटीस आरसीवाल्याच्या घरी येते. आणि घेणाऱ्याने पॉलिसी नावावर करायला १४ दिवसात कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टी तर गाडीसोबत आपोआप जाते, कलम १५७, पण गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर कंपनी म्हणते तुझा आमचा काय संबंध, पॉलिसी तर दुसऱ्याच्या नावावर आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीसोबत येत नाही.

अजून एक, आणि हे नवीन गाडीवाल्यांसाठी. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. शोरूमवाला सांगतो "पाच वर्षं बघायचं काम नाही". खरंय, थर्ड पार्टीचं नाही, पण बाकीचा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की मग कळतं. आणि पाच वर्षांनी तारीख कोणाला आठवते? पॉलिसीवर तारीख असते, तास-मिनिट पण असतं. सकाळी अपघात, दुपारी मोबाईलवरून पॉलिसी काढली, असले हुशार लोक पण फाईलमध्ये भेटतात, कागदावर वेळ छापून येते आणि पंचनाम्यात पण वेळ असते.

पीयूसी नाही म्हणून इन्शुरन्स रिन्यू होत नाही असं अजून काही एजंट सांगतात, ती अट सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये काढून टाकलीय. पीयूसी काढा, तो वेगळा दंड आहे, पण त्याच्यासाठी पॉलिसी लटकवून ठेवू नका. कागद मोबाईलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये दाखवला तर चालतो, पळासनेरपलीकडे मध्य प्रदेशात नाहीतर नवापूरपुढे गुजरातमध्ये पण चालतो, कायदा केंद्राचा आहे. आणि एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसतं, कोणी खोटी पावती हातात दिली असेल तर तिथे उघडी पडते.

अपघात झाल्यावर काय, हे पण शिकवा, पाच मिनिटात होतं. जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं, कंपनीला कळवायचं. पळून जायचं नाही. दवाखान्यात नेणाऱ्या वाटसरूला नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, ठराविक हॉस्पिटलमध्ये. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात, अर्ज प्रांत नाहीतर तहसीलदारांकडे. हे दोन लाख मागायला सुद्धा लोक येत नाहीत, गाडीच सापडली नाही तर केस कोणावर करणार म्हणून घरी बसतात. आणि ट्रायब्युनलचा दावा सहा महिन्यांच्या आत टाकायचा हे कायद्यात लिहिलंय, तेरावं, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू म्हणणारे मग वकिलाच्या दारात रडतात.

तर मागणी काय आहे माझी. एक तास द्या. पुस्तक नको, प्रोजेक्टर नको, तुमच्याच ड्युअल कंट्रोल गाडीच्या डॅशबोर्डमधून पॉलिसी काढा आणि विद्यार्थ्यांच्या हातात द्या. सांगा शोधायला : मालकाचं नाव आरसीशी जुळतं का, इंजिन-चेसिस नंबर बरोबर आहे का, तारीख आणि वेळ कुठे आहे, लायबिलिटी ओन्ली (म्हणजे नुसती थर्ड पार्टी) लिहिलंय की पॅकेज, किती सीट, वापर कशासाठी, पर्सनल ॲक्सिडेंटचा हप्ता भरलाय का. इंग्रजी असतं सगळं आणि अक्षर मुंगीएवढं, त्यामुळे पहिल्यांदा घाम फुटतो, पण जागा एकदा कळल्या की कोणतीही पॉलिसी दोन मिनिटात वाचता येते, कंपनी कोणतीही असो. बाया शिकायला येतात आता तुमच्याकडे भरपूर, त्यांना तर नक्की शिकवा, घरातले कागद त्याच जपून ठेवतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला घरच्या गाडीची पॉलिसी आणायला सांगा. निम्म्यांच्या संपलेल्या निघतील, काहींना सापडणारच नाही, एखाद्याची आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा जाऊन चार वर्षं झालेली असतील. त्यांना तिथल्या तिथे सांगा कुठे जायचं ते.

आणि हो, त्याआधी तुमच्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीची तारीख बघून घ्या, आणि ती ट्रेनिंगच्या वापरासाठी आहे की साधी खाजगीची, ते पण बघा. कोणाला पॉलिसी समजत नसेल तर झेरॉक्स घेऊन या, रविवार सोडून कोर्टाच्या आवारात असतोच, दुपारच्या सुट्टीत बसू, पैसे लागणार नाहीत, चहा तुमचा.

तुमचा,
धुळे जिल्ह्यातला एक वकिलांचा कारकून